मांगर जुन्या चिऱ्यांचा, परवानगी कोणाची?

(वाचकाच्या पत्राचा सारांश : आमचे मूळ गाव देवगड तालुक्यात असून मी नोकरीनिमित्त ठाण्यात राहतो. गावचे जुने घर उतरवून नवे बांधले. जुन्या घराचे चिरे, साग-फणसाचे वासे व तुळया आणि मंगलोरी कौले जपून ठेवली आहेत. त्यातून सुमारे चारशे चौरस फुटांचा मांगर (शेतीच्या कामाचे छोटे घर) उभा करावा, त्यात शेतीचे सामान ठेवावे आणि पुढेमागे पर्यटकांना एक-दोन खोल्या द्याव्यात, असा विचार आहे. जागा दोन आहेत : घरामागे गावठाणात पडलेल्या गोठ्याचे जोते, किंवा गावठाणापासून साधारण दोनशे मीटरवरची कलमबाग, जिच्या खालच्या अंगाला खाडी आहे. गावातले जाणकार म्हणतात की शेतघराला परवानगी लागत नाही, घरपट्टी लावून घेतली की झाले. एक अभियंता म्हणतात की जुने सामान नियमात बसत नाही, तेव्हा आराखड्यात आरसीसी (सळया घातलेले काँक्रीट) दाखवू आणि प्रत्यक्षात जुनेच वापरू. कोल्हापूरकडच्या एका वाड्याचे चार सागवानी खांबही स्वस्तात मिळत आहेत. कोणाचे ऐकावे? आणि पावसाआधी निदान जोते तरी भरून घ्यावे का?)

सप्रेम नमस्कार.

आपल्याला मिळालेल्या दोन सल्ल्यांपैकी गावातील जाणकारांच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, अभियंत्यांच्या सल्ल्यात तेवढेही नाही, आणि दोन्हींपैकी कोणताही जसाच्या तसा अमलात आणल्यास आपण अडचणीत याल. बांधकाम कशाचे आहे, हा प्रश्न कायदा सर्वात शेवटी विचारतो. ते कोठे उभे राहणार आणि त्याचा उपयोग काय होणार, हे तो आधी विचारतो. आपल्या पत्रात मात्र सामानाबद्दल चार परिच्छेद आहेत आणि उपयोगाबद्दल ‘पुढेमागे पर्यटकांना’ एवढेच दोन शब्द आहेत. माझ्या मते आपल्या प्रकरणाचा निकाल त्या दोन शब्दांवर लागणार आहे.

प्रथम ‘शेतघराला परवानगी लागत नाही’ या समजुतीकडे पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतजमिनीवरील इमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत, वैरण किंवा शेतमाल साठवणे, गुरे बांधणे, खातेदाराचे कुटुंब, नोकर किंवा कुळे यांनी राहणे, अथवा शेतीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेले अन्य काम, एवढ्यासाठी उभारलेली इमारत त्या व्याख्येत बसते, आणि संहितेच्या ४१व्या कलमाच्या मर्यादेत ती उभारताना जमीन बिनशेती करून घ्यावी लागत नाही. गावातील मंडळी जे सांगतात त्याचा उगम येथे आहे. परंतु ही सवलत महसुली कायद्यातील आहे. इमारत बांधण्याची परवानगी हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चा विषय आहे. त्या अधिनियमात ‘विकास’ या संज्ञेत जमिनीवर केलेले कोणतेही बांधकाम येतेच, शिवाय इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला लक्षणीय बदलही येतो. म्हणजे शेतघर म्हणून बांधलेल्या मांगरात पुढील वर्षी दोन खाटा टाकून आपण पर्यटकांकडून भाडे घेऊ लागलात, तर एकही चिरा न हलवता आपण नव्याने विकास केलेला असेल, आणि पैसे देऊन राहणारा पाहुणा शेतघराच्या व्याख्येत कोठेच बसत नसल्यामुळे महसुली सवलतही त्याच दिवशी आपल्या हातून जाईल.

घरपट्टीविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण हा गैरसमज कोकणात जितका पसरला आहे तितकाच शहरांतही पसरलेला आहे. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. अनधिकृत इमारतीवरही कर आकारता येतो, आणि तो आकारल्यामुळे इमारत अधिकृत होत नाही. महानगरपालिकांच्या कायद्यात तर अवैध बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि त्या शास्तीमुळे बांधकाम नियमित होत नाही हेही तेथे स्पष्ट केलेले आहे. वीजजोडणीचेही तसेच. उलट, कृषिपंपाच्या जोडणीवरून आपण पाहुण्यांच्या खोलीत दिवे आणि पंखे चालवलेत, तर वीज अधिनियम, २००३ च्या १२६व्या कलमाखाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची वेगळी वसुली होते.

आता जागेविषयी. आपण दोन्ही जागा जणू एकसारख्याच आहेत अशा रीतीने लिहिले आहे, परंतु कागदोपत्री त्यांच्यात मोठे अंतर आहे.

घरामागील गोठ्याचे जोते गावठाणात आहे. राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, लहान भूखंडांसाठी जोखमीनुसार सोपी पद्धत ठेवलेली आहे. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल तर मालकीची कागदपत्रे, आराखडा आणि शुल्क सादर करून काम सुरू करता येते, तर १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने आराखडा प्रमाणित करावा लागतो. ग्रामीण भागातील गावठाणात हे काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते आणि त्यासाठी नगररचना कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. येथे मर्यादा भूखंडाच्या क्षेत्रफळाची आहे, खोलीच्या नव्हे, हे मात्र लक्षात घ्यावे. आपला मांगर चारशे चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटरचा, असला तरी तो ज्या भूखंडावर आहे तो मोठा असल्यास ही सोपी पद्धत लागू होणार नाही. त्याच भूखंडावर आपले नवे घरही उभे असल्यामुळे त्याचे मंजूर क्षेत्र, शिल्लक चटई क्षेत्र (आणखी किती बांधता येईल ते) आणि इमारतीभोवती सोडावयाच्या सामासिक अंतरांचा हिशेब एकत्रितच मांडावा लागेल. नव्या घराला रीतसर परवानगी घेतली होती की नाही, हे आपण कळवलेले नाही. घेतलेली नसेल, तर मांगराच्या अर्जासोबत तो विषय निघणारच, आणि तो आपणहून काढलेला बरा.

या जागेची सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे तेथे पूर्वी गोठा होता ही वस्तुस्थिती. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, त्या गोठ्याची जुनी नोंद असेल तर तिचा दाखला आजच काढून घ्यावा आणि जोत्याची मोजमापे छायाचित्रांसह नोंदवून ठेवावीत. नुकतेच मी म्हटले की घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे, ते खरेच आहे, परंतु त्या जागी अमुक साली अमुक आकाराची इमारत उभी होती हे दाखवण्यासाठी तीच नोंद उपयोगी पडते. जुन्या जोत्याचे चिरे उचलण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे, कारण एकदा ते उचलले की पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.

कलमबागेची गोष्ट निराळी आहे. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, आणि तांत्रिक छाननी नगररचना विभागाच्या शाखा कार्यालयात होते. महसूल संहितेत नंतर घातलेल्या ४२-ड या कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींना निवासी वापरासाठी सवलतीची वाट करून दिली, आणि आपण नेमके ‘साधारण दोनशे मीटर’ असे लिहिले आहे. या ‘साधारण’ला काहीच अर्थ नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्याशिवाय आपली बाग त्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे ठरणार नाही. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत सतत बदलत आणि सैल होत आले आहेत, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशीची स्थिती तहसील कार्यालयातून लेखी घ्यावी. मात्र बिनशेतीची अट कितीही सैल झाली तरी बांधकाम परवानगीची अट त्यामुळे नाहीशी होत नाही. बागेपर्यंत जाणारी वाट सातबाऱ्यावर किंवा नकाशावर आहे, की केवळ शेजाऱ्याच्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) ठेवलेली वहिवाट आहे, हेही तपासावे, कारण पोचरस्त्याशिवाय आराखडा पुढे सरकत नाही.

आणि मग खाडी. किनारा नियमन क्षेत्राचे नियम समुद्रापुरतेच आहेत असे अनेकांना वाटते, परंतु भरती-ओहोटीचे पाणी जेथवर आत येते तेथवर खाडीच्या दोन्ही काठांना ते लागू असतात. २०११ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी हे क्षेत्र १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढे होते. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल तेवढे केले. हे अंतर भरतीरेषेपासून मोजायचे असते. आपल्या जमिनीबाबत कोणता मंजूर नकाशा प्रमाण धरायचा आणि त्यावर रेषा कोठून जाते, हे नगररचना कार्यालयातील किनारा व्यवस्थापन नकाशावर सर्व्हे नंबर दाखवून विचारावे. बागेचा खालचा भाग त्या क्षेत्रात येत असेल, तर तेथे नवे बांधकाम करण्याचा विचार सोडून द्यावा. ग्रामीण किनारी भागात अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची, जोत्याचे क्षेत्र न वाढवता, दुरुस्ती वा पुनर्बांधणी करण्यास वाव आहे, आणि २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक रहिवाशांना आपल्या असलेल्या घरातच, त्याचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता, पर्यटकांची निवास-व्यवस्था करण्याची मुभाही आहे. या दोन्ही सवलती असलेल्या घरांसाठी आहेत. बागेत आज काहीच नसल्यामुळे आपल्याला त्यांचा उपयोग नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पर्यटकांच्या खोल्या करायच्या असतील तर त्या गोठ्याच्या जोत्यावरच कराव्यात, अर्जात तसा वापर पहिल्या दिवसापासून नमूद करावा, आणि बागेत फक्त अवजारे, खते व आंब्याच्या पेट्या ठेवण्यापुरता खरा मांगर, तोही खाडीपासून लांब, वरच्या अंगाला, शेतीच्या व्याख्येत राहून उभारावा. पर्यटन संचालनालयाची न्याहारी व निवास योजना किंवा २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांखालील नोंदणी ही बांधकाम परवानगीनंतरची पायरी आहे. ती नोंदणी परवानगीची जागा घेत नाही.

आणखी एक अडथळा आपण ओझरता सांगितला आहे, तो म्हणजे सातबारा सामाईक असून त्यावर दोन चुलत्यांची आणि एका आत्याची नावे आहेत. अर्ज करण्यापूर्वी सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी, किंवा संहितेच्या ८५व्या कलमाखाली वाटप करून घ्यावे. कोकणातील बांधकामे नियमांपेक्षा भावकीच्या हरकतीने अधिक अडतात, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नसावी.

येथून पुढे सामानाचा विषय घेतो. अभियंत्यांचे विधान सपशेल चुकीचे आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, जिची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये आली, वापरलेल्या साहित्याला मनाई नाही. नव्या साहित्याला लावलेल्या कसोट्या जुने साहित्य पूर्ण करत असेल तर ते वापरण्यास हरकत नसावी, अशीच तिची भूमिका आहे. प्रश्न केवळ ते सिद्ध करण्याचा आहे. आणि आराखड्यात आरसीसी दाखवून प्रत्यक्षात जुने लाकूड वापरण्याची सूचना तर कदापि स्वीकारू नये. अशा कामात जोते तपासणीचा दाखला, संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र असा प्रत्येक कागद अस्तित्वात नसलेल्या इमारतीचा होतो. उद्या छप्पर पडून पाहुणा जखमी झाला तर विमा कंपनी आणि न्यायालय दोघेही तोच आराखडा पुढे ठेवतील, आणि त्या वेळी त्यावर सही करणारे अभियंता आपल्या बाजूने उभे राहतील असे समजण्याचे कारण नाही. दुसरा परवानाधारक अभियंता शोधावा आणि आराखड्यात ‘जुने जांभा चिरे’, ‘जुने सागवान’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

चिऱ्यांच्या बाबतीत आपण सुदैवी आहात. जांभा खाणीतून काढल्यानंतर हवेत उघडा राहिला की कठीण होत जातो, त्यामुळे पन्नास-साठ वर्षे भिंतीत राहिलेला निरोगी चिरा नव्यापेक्षा कमजोर असतोच असे नाही. जांभ्याच्या चिऱ्यांसाठी भारतीय मानक ३६२० आहे, आणि त्यात दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. ढिगाऱ्यातून वेगवेगळ्या थरांतले नमुने निवडून ते शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. चाचणीचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो, आणि हा अहवाल अर्जाला जोडला की छाननी करणाऱ्याचे निम्मे प्रश्न संपतात. चुन्यात किंवा मातीत रचलेले चिरे सहज सुटतात व स्वच्छ होतात. सिमेंटमध्ये रचलेले सोडवताना कडा फुटतात, असे फुटके चिरे भिंतीत न घालता गडग्यासाठी किंवा फरशीखालच्या भरावासाठी ठेवावेत. जोत्यालगतच्या थरातील, वर्षानुवर्षे ओलीत राहून भुगा सुटू लागलेले चिरे वजन पेलणाऱ्या भिंतीत घेऊ नयेत.

लाकडाची पारख सुताराबरोबर बसून एकेका नगाची करावी. तुळईची टोके, जी भिंतीत गाडलेली होती, तेथेच कुज आणि वाळवी आधी लागते. अणकुचीदार हत्याराने टोचून पाहावे, ठोकून आवाज ऐकावा, आणि पोकळ वा भुसभुशीत टोक निर्दयपणे कापून टाकावे. मग उरलेली लांबी कोणत्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधील अंतराला, पुरते ते पाहून आराखडा ठरवावा. आधी आराखडा काढून मग त्यासाठी लाकूड शोधू नये. खाचा आणि भोके पाडलेला वासा मूळ जाडीचा धरून हिशेब करणे चूक आहे, तेथे उरलेलाच छेद धरावा लागतो. जुन्या सळ्या सरळ करून स्लॅबमध्ये वापरण्याचा मोह मात्र पूर्ण टाळावा, आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कोणी देऊ केले तर ते राहत्या खोलीत वापरू नयेत, कारण त्यांना विषारी तेल पाजलेले असते. पडवीवरील जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतील. ते कापू, फोडू किंवा भोके पाडून पुन्हा बसवू नयेत.

कोल्हापूरकडच्या खांबांविषयी थोडे थांबावे. सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियंत्रण आहे आणि लाकूड जुने आहे हे नाक्यावरील कर्मचाऱ्याला केवळ तोंडी सांगून भागत नाही. वाड्याच्या मालकाकडून खरेदीची पावती, वाडा पाडल्याबद्दल तेथील स्थानिक संस्थेचा दाखला, आणि खांब जागेवर उभे असतानाची छायाचित्रे घ्यावीत, आणि माल गाडीत चढवण्यापूर्वी तेथील वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज करून वाहतूक परवाना घ्यावा. चार खांबांसाठी एवढा खटाटोप परवडत नसेल, तर आपल्याकडील फणसाचेच खांब करावेत. दिसायला सागापेक्षा ते मला तरी कमी वाटत नाहीत.

मंजुरीपेक्षाही मला ज्या गोष्टीची अधिक काळजी वाटते ती छपराची बांधणी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपून गेले. जुन्या पद्धतीचे छप्पर केवळ आपल्या वजनावर बसलेले असते. वारा छपराच्या उताराखालून ते वर उचलू लागला की ते वजन पुरत नाही. म्हणून चिऱ्याच्या भिंतीवर, दरवाजाच्या वर आणि छपराच्या पातळीला, असे दोन सलग काँक्रीटचे पट्टे घ्यावेत, वरच्या पट्ट्यात बोल्ट गाडून त्याला भिंतीवरची लाकडी पट्टी जखडावी, वासे त्या पट्टीला लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत, आणि निदान छपराच्या कडेच्या व आढ्याजवळच्या ओळींतील कौले तारेने रिपांना बांधून घ्यावीत. १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण असलेल्या पट्ट्यात हे काँक्रीटचे पट्टे भूकंपासाठीही लागतातच. भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा साध्या दगडी बांधकामासाठी मार्गदर्शन आहे, ते आपल्या अभियंत्याला दाखवावे. नवे सामान येथे, न दिसणाऱ्या जोडांमध्ये, घालावे. स्क्रू, बोल्ट, तार आणि पट्ट्या जुन्या वापरू नयेत.

शौचालय करणार असाल तर शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा, आणि जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत त्याहून अधिक अंतर ठेवता आले तर ठेवावे, तेही उताराच्या खालच्या बाजूस. छपराची पागोळी आपल्याच हद्दीत पडेल एवढी मोकळी जागा शेजाऱ्याकडील बाजूस सोडावी.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. पावसाआधी जोते भरू नये. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची लेखी मंजुरी, हाती येण्यापूर्वी घातलेला पहिला थरही अनधिकृत विकासच ठरतो, नगररचना अधिनियमाच्या ५२व्या कलमात त्यासाठी कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे आणि ५३व्या कलमाखाली काम काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. अर्जावर साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते, हे कोणी सांगितले तर तेही अर्धेच ऐकू नये. काम नियमांना सर्वस्वी धरून असेल तरच ती मानीव परवानगी टिकते. या पावसाळ्यात मोजणीचा अर्ज, नमुना ८ चा दाखला, संमतिपत्रे आणि चिऱ्यांचा अहवाल एवढे उरकून घ्यावे. लाकडाचा ढीग आज जमिनीवर ताडपत्रीखाली गुंडाळलेला आहे असे आपण लिहिले आहे. तो लगेच उघडून, चिऱ्यांच्या ओळींवर जमिनीपासून हातभर उंच, प्रत्येक थरात रिपा घालून रचावा आणि वरून फक्त छप्पर करावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. गुंडाळलेल्या ताडपत्रीत अडकलेला ओलावा चार महिन्यांत वाळवीला आमंत्रण देईल, आणि मग ज्या लाकडासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्यातील किती वापरण्याजोगे उरेल हे सांगता येणार नाही.